आत्मचित्र वाचताना चेहरा शेवटी

न्हाणीघरातल्या आरशासमोर उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि साबणाच्या ओल्या वडीने आरशात दिसणाऱ्या आपल्या डोक्याची कड काचेवर गिरवायची. मग पट्टी लावायची. डोकं टाळूपासून हनुवटीपर्यंत साधारण २३ सेंटिमीटर असेल, तर काचेवरचा आकार साडेअकराच भरतो. पुढे सरका, मागे सरका, तो निम्माच राहतो. कारण प्रतिमा काचेवर नसतेच. आपण काचेच्या जितके अलीकडे, तितकी ती पलीकडे. म्हणजे आरशापासून अडीच फुटांवर बसून रंगवणारा चित्रकार स्वतःला पाच फुटांवरून बघत असतो, आणि तेही डावं-उजवं बदललेलं.

आत्मचित्र वाचायला बसण्याआधी प्रत्येकाने हे एकदा करून बघावं. जळगाव-धुळ्याकडे ए.टी.डी. किंवा जी.डी. आर्ट या चित्रकलेच्या पदविका करणारी मुलं रसग्रहणाच्या वहीत 'चित्रकार दुःखी व एकाकी दिसतो' हे वाक्य इतक्या सवयीने लिहितात, की चित्र बदललं तरी वाक्य तेच. ते चुकीचंच असतं असं नाही. पण ते चित्रातून आलेलं नसतं. ते एकतर ऐकलेल्या चरित्रातून येतं, नाहीतर चित्रातल्या भुवयांवरून. आणि आत्मचित्रातल्या भुवया हा सगळ्यात कच्चा पुरावा.

आरशात बघून काम करणारा माणूस तासन्‌तास एकच हालचाल करतो. नजर आरशावर, नजर कॅनव्हासवर, परत आरशावर. या कामात भुवया आपोआप आक्रसतात, डोळे ताणले जातात, ओठ मिटतात. चार तास कुणाला हसू धरून ठेवता येत नाही. म्हणून जगातल्या बहुतेक आत्मचित्रांत माणूस रोखून बघतोय, गंभीर आहे आणि तोंड मिटलेलं आहे. हा राग नव्हे, दुःखही नव्हे. ते लक्ष आहे. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईचा चेहरा बघा, अगदी तसाच असतो.

उलट, जिथे चेहऱ्यावर भाव ठसठशीत दिसतो तिथे जास्त सावध राहायला हवं. डच चित्रकार रेम्ब्रांने १६३० साली, चोविशीत असताना, आरशासमोर तोंडं करून छपाईसाठी छोट्या छोट्या कोरीव तांब्याच्या पट्ट्या केल्या. त्यातली टोपी घातलेली, डोळे विस्फारलेली, ओठांचा चंबू केलेली एक ५१ बाय ४६ मिलिमीटरची आहे. आगपेटीपेक्षा जेमतेम मोठी. तो त्या दिवशी दचकला नव्हता. दचकलेला माणूस कसा दिसतो हे तो स्वतःच्या चेहऱ्यावर शिकत होता, फुकटचं मॉडेल म्हणून. आत्मचित्रातला चेहरा अभिनयही करतो, हे या एवढ्याशा पट्टीने कायमचं लक्षात राहतं.

म्हणून चेहरा शेवटी. आधी बाकीचं.

पहिली तपासणी डाव्या-उजव्याची. ब्रश कोणत्या हातात आहे? कोटाची बटणं कोणत्या बाजूला आहेत? पुरुषाच्या शर्टाला बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात. चित्रात ती उलटी दिसली तर चित्रकाराने आरसा जसाच्या तसा ठेवला आहे. आपल्याकडच्या बाईच्या आत्मचित्रात नथ आणि पदर बघावा. नथ डाव्या नाकपुडीत, उलटा पदर डाव्या खांद्यावर. पण नंदुरबारकडे, गुजरात लागून असल्याने, सुलटा पदरही दिसतो, तेव्हा एकट्या पदरावरून निकाल देऊ नये. व्हॅन गॉगने २३ डिसेंबर १८८८ला डावा कान कापून घेतला. जानेवारी १८८९च्या चित्रात पट्टी उजव्या कानाला बांधलेली दिसते. कित्येक ठिकाणी उजवाच कान लिहिलेला सापडतो, तो या आरशामुळे.

मोबाईलवरून काढलेल्या आत्मचित्रात वेगळीच भानगड असते. पुढच्या कॅमेऱ्याने हातभर अंतरावरून फोटो घेतला की नाक फुगतं, कान मागे पळतात, कपाळ गोल होतं. असं चित्र समोर आलं की कुणी 'आत्मविश्वासाने पुढे झुकलेली आकृती' असं लिहितो. झुकलेलं काही नसतं, कॅमेरा जवळ होता एवढंच. त्यात काही फोन सेल्फी सरळ साठवतात, काही उलटी. म्हणून अशा चित्रात डाव्या-उजव्याचा पुरावा धरूच नये.

प्रकाशाचीही अशीच सवय ठरलेली. उजव्या हाताने रंगवणारा माणूस खिडकी डावीकडे घेतो, म्हणजे हाताची सावली कॅनव्हासवर पडत नाही. आरशात डावी बाजू डावीकडेच दिसते, त्यामुळे चित्रातही उजेड बहुधा डावीकडून येतो. तो खालून, मागून किंवा दोन्हीकडून येत असेल तर चित्रकाराने मुद्दाम काहीतरी केलंय, किंवा त्याच्या खोलीत दुसरी सोय नव्हती. मे महिन्यात भुसावळ-जळगावला दुपारी खिडकी बंदच करावी लागते, आणि ट्यूबलाइटखाली काढलेल्या चित्रात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्याला 'अंतर्मनातला अंधार' म्हणू नये.

आता आकार. फोनवर सगळी चित्रं सारखीच मोठी दिसतात, आणि इथे फार नुकसान होतं. चित्राच्या नावाखाली मापं दिलेली असतात. ती खडूने भिंतीवर आखावीत. व्हॅन गॉगचं सप्टेंबर १८८९चं, पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातलं आत्मचित्र ६५ बाय ५४ सेंटिमीटर आहे. मराठी दैनिकाची दोन पानं उघडून उभी धरली की जवळपास तेवढं. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिचं १९३९चं दोन फ्रिडांचं चित्र उंची-रुंदीने पावणेसहा फुटांच्या आसपास आहे, म्हणजे त्यातल्या बसलेल्या दोघी आपल्याच मापाच्या आहेत. ऑस्ट्रियाच्या इगॉन शीलंचं १९१२चं, मागे लाल फुग्यांसारखी फळं असलेलं आत्मचित्र जेमतेम ३२ बाय ४० सेंटिमीटर. पहिल्यासमोर आपण एकट्या माणसाला भेटतो, दुसऱ्यासमोर आपण खोलीत शिरतो, तिसऱ्याला जवळ जाऊन वाकून बघावं लागतं. भाव इथूनच सुरू झालेला असतो.

मग खिडकीचा पुठ्ठा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, मध्ये २ सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडा, आणि चित्राच्या छापील प्रतीवर ते सरकवत न्या. प्रत निदान ए-फोर आकाराची हवी. भोकातून नाक-डोळे ओळखू येत नाहीत, फक्त रंगाचे फटकारे दिसतात. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी विचारायच्या: फटकारा कोणत्या दिशेने गेलाय, किती लांब आहे, रंग जाड आहे की पुसट. पार्श्वभूमी, कपडे, केस, गाल, कपाळ अशा पाच जागा पुरतात.

ऑर्सेतल्या व्हॅन गॉगवर हा पुठ्ठा फिरवला की वर्गातलं ठरलेलं उत्तर डळमळतं. ठरलेलं उत्तर असं: मागचे भोवरे म्हणजे त्याच्या डोक्यातलं वादळ. भोवरे आहेत, खरंच आहेत, आणि तसेच वळसे कोटावरही उतरले आहेत. कोट आणि पार्श्वभूमी जवळपास एकाच हिरवट निळ्याची. पण भोक गालावर आणा. फटकारे आखूड होतात आणि गालाच्या हाडाबरोबर वळतात. कपाळावर ते कवटीच्या गोलाईने जातात, दाढीत केसांच्या दिशेने. एकही भरकटलेला नाही. सगळं चित्र हलतंय आणि चेहरा तेवढा घट्ट धरलेला आहे. त्यात त्याने कामाचा डगला घातलेला नाही, नीट कोट घातला आहे. हे चित्र सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात रंगवलेलं आहे, ही माहिती आता घ्यावी, आधी नको. आधी घेतली की भोवरे दिसतात आणि गाल दिसत नाही. वादळाचं चित्र आणि वादळात पाय रोवून उभ्या माणसाचं चित्र, यांत फरक आहे, आणि तो फरक गालावरच्या आखूड फटकाऱ्यांत आहे.

हाच पुठ्ठा जर्मन चित्रकार केटे कोलविट्सच्या १९३३च्या कोळशाच्या रेखाचित्रावर तर फिरवाच. माझ्या मते आत्मचित्र कसं वाचावं हे शिकायला याहून चांगलं चित्र नाही. तिने आयुष्यभरात शंभराच्या आसपास आत्मचित्रं केली. हे आडव्या कागदावर आहे. एका टोकाला तिचा बाजूने दिसणारा चेहरा, दुसऱ्या टोकाला कोळसा धरलेला हात, आणि मधे दंड. चेहरा मऊ, बारीक छटांनी सावकाश घडवलेला. पापणी, गालाची सैल झालेली कातडी, ओठाचा कोपरा सगळं जागेवर. बोटंही नीट. आणि मधला दंड? तो काढलेलाच नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत कोळशाची कांडी दाबून नागमोडी ओढली आहे, खालीवर, खालीवर, जाड काळे पट्टे. त्यात बाही नाही, घडी नाही, कोपर नाही.

हे हाताने करून बघितल्याशिवाय कळत नाही. वेलीच्या कोळशाची चार-पाच सेंटिमीटरची कांडी मोडून घ्या, आडवी धरा, वर्तमानपत्राच्या कागदावर दाबून नागमोडी ओढा. दोन-तीन सेकंदांत संपतं. मनगटातून ते होत नाही, खांद्यातून करावं लागतं. आता टोक धरून एक पापणी काढा. पाच मिनिटंही कमी पडतात. म्हणजे एकाच कागदावर दोन वेग आहेत. जो भाग बघतो आणि जो भाग रेघ ओढतो ते दोन्ही सावकाश, आणि त्या दोघांना जोडणारा भाग विजेसारखा. डोळ्यातून निघालेलं हातापर्यंत कसं जातं, ते तिने दंडाच्या जागी काढून ठेवलं आहे. चेहऱ्यावर काही घडत नाही. ती थोडी थकलेली, शांत, कामात आहे. भाव सगळा दंडात आहे.

इथे एक घसरगुंडी आहे. १९३३ हे साल कळलं, त्याच वर्षी तिला प्रशियाच्या कला अकादमीतून बाहेर पडायला लावलं हे कळलं, की दंडातला वेग लगेच 'संताप' होतो. असेलही. पण वेग म्हणजे राग नव्हे. शेतातलं पाणी वाहून जाताना बांध घालणाऱ्याच्या हातालाही तोच वेग असतो. चित्र आपल्याला वेग देतं, दाब देतं, आणि शांत चेहरा देतं. संताप चरित्रातून आपण घालतो. घालायचा तर घालावा, पण वेगळ्या वाक्यात लिहावा.

(बाजूने दिसणारा स्वतःचा चेहरा एका आरशात नीट बघता येत नाही, डोळा वळवला की मान वळते. दोन आरसे कोनात ठेवावे लागतात. म्हणून बाजूचं आत्मचित्र दिसलं की समजावं, इथे आधी मांडामांड झाली आहे.)

रंगाबद्दल बोलताना सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्यांचं कारण बरेचदा चित्रात नसून कागदात असतं. रंगीत झेरॉक्स तांबडी किंवा हिरवट येते. फोनमध्ये रात्रीचा पिवळा पडदा चालू राहिला तर प्रत्येक चित्रकार कावीळ झाल्यासारखा दिसतो. तो बंद करावा, आणि मग त्याच चित्राचे रंग एकदा पूर्ण काढून, काळं-पांढरं करून बघावं. रंग काढल्यावरही जे ओझं शिल्लक राहतं ते छायाप्रकाशाचं. जे नाहीसं होतं ते रंगाचं. हे दोन वेगळे लिहिता आले तर अर्धं रसग्रहण झालं.

मूळ चित्रही जसंच्या तसं राहत नाही. व्हॅन गॉग वापरत असलेले काही तांबडे रंग उजेडाने उडून जातात. त्याच्या झोपायच्या खोलीच्या चित्रातल्या भिंती त्याने पत्रात फिक्या जांभळ्या म्हणून सांगितल्या आहेत; आज त्या निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला तांबडा गेला. त्या काळातल्या त्याच्या कुठल्याही चित्रासमोर 'निळा, म्हणून उदास' लिहिण्याआधी हे आठवावं.

आणि आपले रंग वेगळे. हिरवा म्हणजे इकडे बांगडी, ओटीतलं खण, केळीचं कोवळं पान. पांढरा म्हणजे कपाशी, आणि पांढरा म्हणजे कपाळ मोकळं झालेल्या जुन्या बाईचं लुगडंही. फ्रिडाच्या चित्रातला पांढरा झगा बघून आपल्या मनात पहिल्यांदा वैधव्य येणं साहजिक आहे, पण तिथे तो युरोपी तऱ्हेचा, लेस लावलेला पोशाख आहे. आपल्या मनात आलेलं पुसू नये. 'मला असं वाटलं' म्हणून टिपून ठेवावं आणि चित्रकाराच्या मुलखात तो रंग काय होता ते पुढे शोधावं.

ओळख ही भावापेक्षा वेगळी गोष्ट, आणि तिचा शोध चेहऱ्यापेक्षा कपड्यांत, वस्तूंत आणि रिकाम्या जागेत लागतो. अंगठ्याने चेहरा झाका आणि बघा, माणूस अजून ओळखू येतो का. दोन फ्रिडांत दोन्ही चेहरे झाकले तरी चित्र पूर्ण बोलतं. एक फ्रिडा पांढऱ्या युरोपी पोशाखात, दुसरी मेक्सिकोच्या तेहुआना बायकांच्या वेशात. दोघींची हृदयं उघडी, एकच रक्तवाहिनी दोघींतून गेलेली. तेहुआना फ्रिडाच्या हातात नवरा दिएगो रिवेराचं लहानपणचं छोटं चित्र, पांढऱ्या फ्रिडाच्या हातात शस्त्रक्रियेचा चिमटा, आणि तिथून ठिबकणारं रक्त झग्यावर. बाप जर्मन वंशाचा, आई मेक्सिकन. १९३९ हे तिच्या घटस्फोटाचं वर्ष. एवढं सगळं घडत असताना चेहरे मात्र पाटीसारखे कोरे. नॉर्वेच्या मुंकने १९४० ते ४३च्या दरम्यान म्हातारपणी स्वतःला उभं केलं ते एका बाजूला घड्याळ आणि एका बाजूला पलंग ठेवून. घड्याळाला काटेच नाहीत. शीलं याच्या उलट करतो. बरेचदा तो मागे काहीच ठेवत नाही, फक्त कागद, आणि त्यावर वाकडी-तिकडी बोटं.

वेश घेतलेली आत्मचित्रं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. सप्टेंबर १८८८मध्ये व्हॅन गॉगने आपला चित्रकार मित्र गोगॅं याच्यासाठी एक आत्मचित्र केलं. फिकट हिरवी पार्श्वभूमी, बारीक कापलेले केस, डोळे किंचित तिरके केलेले. आपण स्वतःला जपानी बौद्ध भिक्षू म्हणून रंगवलंय असं त्याने लिहून ठेवलं आहे. अजिंठ्याच्या भिक्षूंच्या कोठड्या जळगावपासून साठेक किलोमीटरवर असलेल्या आपल्यासारख्यांना तरी हे लांबचं वाटू नये. बरोबर शेहेचाळीस वर्षांनी, १९३४मध्ये, अमृता शेरगिलने पॅरिसमध्ये स्वतःला ताहितीची बाई म्हणून रंगवलं. ती ताहितीला कधी गेली नव्हती. वडील शीख, आई हंगेरियन, शिक्षण पॅरिसचं, आणि अंगावर घेतलेलं रूप गोगॅंने रंगवलेल्या बायकांचं. उघडं अंग, पोटापाशी एकमेकांवर ठेवलेले हात, नजर आपल्याकडे नाही, बाजूला. मागच्या भिंतीवर एका पुरुषाची सावली. गोगॅंच्या बायका बघितल्या जातात. ही बघितली जातेय हे तिला ठाऊक आहे. त्याच वर्षाच्या शेवटी ती भारतात परतली आणि १९३६मध्ये अजिंठ्याला येऊन गेली.

असा वेश दिसला की 'चित्रकार खरी ओळख लपवतो' असं लिहायची पद्धत आहे. सातपुड्यातल्या काठी गावची होळी ज्याने पाहिली असेल तो असं लिहिणार नाही. तिथे बुध्या होणारा माणूस नवस बोललेला असतो, पाळणूक करतो, अंगावर राखेचे ठिपके काढतो, डोक्यावर मोरपिसं, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधतो. गावातलं प्रत्येक माणूस त्याला ओळखत असतं. सोंग घेतल्याने तो लपत नाही. एरवी जे त्याच्यात दिसत नाही ते बाहेर आणायला सोंग लागतं. व्हॅन गॉगचा भिक्षू आणि अमृताची ताहितीयन असेच बघावेत. प्रश्न 'काय लपवलं' हा नाही, 'हे रूप घेतल्याशिवाय काय सांगता आलं नसतं' हा आहे.

आता चेहरा. आणि भावाला नाव देणं.

इथे आपल्याकडे तयार साधन आहे आणि ते वापरलं जात नाही. 'दुःख', 'आनंद', 'राग' या तीन शब्दांवर सगळ्या वह्या चालतात. आपल्या रसविचारात नुसते संचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, भावच ३३ सांगितले आहेत. त्यांची यादी चित्रकलेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी. श्रम हा त्यातला एक भाव आहे. कोलविट्सच्या चित्राला त्याहून नेमका शब्द नाही. ऑर्सेतल्या व्हॅन गॉगला धृती, म्हणजे धीर. आणि अवहित्थ म्हणून एक आहे, मनातलं तोंडावर न येऊ देणं. दोन फ्रिडांच्या कोऱ्या चेहऱ्यांसाठी तो जणू घडवून ठेवलाय. अमृतासाठी गर्व म्हणावं की वितर्क, म्हणजे मनातली उलटसुलट शंका, इथे वाद होऊ शकतो, आणि तो व्हावा.

लिहिताना वाक्य असं बांधावं की पहिल्या अर्ध्यात चित्रात दिसणारी गोष्ट आणि दुसऱ्या अर्ध्यात भाव. 'गालावरचे फटकारे आखूड आणि हाडाबरोबर वळणारे, म्हणून चेहरा सावरून धरल्यासारखा वाटतो.' पहिला अर्धा भाग लिहिता येत नसेल तर दुसरा खोडावा. चार-पाच वाक्यं अशी झाली की मग चरित्र उघडावं आणि बघावं, कोणतं वाक्य पडतं. एखादं पडलं तर ठीकच. सगळीच टिकली तर पुन्हा एकदा चित्राकडे जावं, कारण बहुधा चरित्र आधीच कानावर आलेलं असतं.

चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय. टेबलावर वस्तू मांडून केलेल्या छायाचित्रांसाठी ते ओळखले जातात, आणि त्या घराला त्यांनी रेम्ब्रांचं नाव दिलं होतं. ज्या रेम्ब्रांने आयुष्यभर स्वतःची ऐंशीच्या आसपास चित्रं केली, त्याचं शेवटच्या वर्षांतलं एक लंडनला केनवुड हाउसमध्ये आहे, मागे भिंतीवर दोन अर्धवट वर्तुळं असलेलं. क्ष-किरणांत दिसतं की त्याने आधी ब्रश आरशात दिसतो तसा उलट्या हातात रंगवला होता, मग तो बदलून खऱ्या हाताच्या बाजूला घेतला. चेहरा जाड रंगाने थर देत घडवलाय. पॅलेट आणि ब्रश धरलेला हात मात्र चार फटकाऱ्यांत सोडून दिलाय, बोटंसुद्धा नाहीत. पुठ्ठ्याचं भोक आधी त्या हातावर ठेवा.